जंगलापासून गल्लीपर्यंत : मुंबईतल्या वस्तीत हिरवी वाट कशी जोडायची

जून लागला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो, रोपं आलीयेत, हवी असतील त्यांनी खाली या. सगळे खाली जातात, फोटो काढतात, जिथे माती दिसेल तिथे खड्डा करतात, रोप लावतात आणि वर येतात. मीही पाच-सहा वर्षं हेच केलं. त्यातली काही झाडं जगली, मोठीही झाली, पण ती जिथे होती तिथेच एकटी उभी राहिली. कारण या झाडापासून पुढचं झाड किती लांब आहे आणि मधे काय आहे हे आम्ही कधी बघितलंच नव्हतं. हा लेख त्या मधल्या जागेबद्दल आहे, आणि ज्यांनी असलं काम आधी कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी आहे.

मी बोरिवली पूर्वेला राहते. घरापासून चालत गेलं तर संजय गांधी नॅशनल पार्कचं (एसजीएनपी) गेट येतं, आणि उलट्या दिशेला स्टेशन ओलांडून पुढे गेलं की गोराई खाडीची कांदळवनं. एका बाजूला सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, दुसऱ्या बाजूला खारफुटी, आणि मधे जेमतेम चार-पाच किलोमीटर. पण या चार-पाच किलोमीटरमधे वेस्टर्न एक्सप्रेस हायवे, रेल्वेचे ट्रॅक, एसव्ही रोड, लिंक रोड आणि हजारो इमारती. घार किंवा कावळा हे सगळं सहज पार करतो. पण छोटं फुलपाखरू, सरड्यासारखी सापसुरळी, बेडूक, खार, फुलटोच्या पक्षी यांना मधे टेकायला आणि खायला काही मिळालं नाही तर ते पलीकडे जातच नाहीत. हिरवा तुकडा असा एकटा पडला की त्यातलं एखादं झाड किंवा कीटक एकदा संपला की संपला, बाहेरून नवं कोणी येत नाही, बियासुद्धा येत नाहीत. म्हणून तुकडे एकमेकांना जोडायचे. पुस्तकात याला इकॉलॉजिकल कॉरिडॉर म्हणतात, आमच्या ग्रुपमधे आम्ही हिरवी वाट म्हणतो.

मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत हे किती खरं आहे ते आजोबा नावाच्या बिबट्याने दाखवलं. २००९ मधे त्याला रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं आणि तो साधारण १२० किलोमीटर चालत आपल्या नॅशनल पार्कपर्यंत आला. शेतं, रेल्वे, रस्ते, वस्त्या सगळं ओलांडून. म्हणजे कुठेतरी वाट होती, आपल्याला दिसत नव्हती एवढंच. आपण गल्लीत करणार आहोत ते बिबट्यासाठी नाही (त्यावर पुढे बोलते, कारण पहिला प्रश्न हाच येतो), ते पक्षी, फुलपाखरं, मधमाश्या, वटवाघळं, खारी यांच्यासाठी आहे.

आधी दोन टोकं शोधा

वाट म्हटली की ती कुठून तरी निघायला हवी आणि कुठेतरी पोचायला हवी. नवीन लोक हे विसरतात आणि थेट खड्डे खणायला लागतात.

एक टोक म्हणजे तुमच्या जवळचा मोठा हिरवा भाग. गोरेगाव-मरोळवाल्यांना आरे आहे. भांडुप-मुलुंडला एका बाजूला नॅशनल पार्कचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला ठाणे खाडी, जिथे २०१५ मधे फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि २०२२ मधे रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला, म्हणजे मधला एलबीएस रोड, रेल्वेचे ट्रॅक आणि ईस्टर्न एक्सप्रेस हायवे एवढंच जोडायचं आहे, माझ्या मते अख्ख्या मुंबईत सगळ्यात जास्त फायदा तिथे होईल. सायन-माहीम-धारावीवाल्यांना मिठी नदीच्या काठचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान, जे एके काळी कचऱ्याचं डंपिंग ग्राउंड होतं. आज तिथे गेलात तर विश्वास बसत नाही. भायखळ्याला राणीची बाग, दादर-माटुंग्याला पारशी कॉलनी आणि फाइव्ह गार्डन, सांताक्रूझला कलिना कॅम्पस, पवईला तलाव आणि आयआयटी. दुसरं टोक छोटं असलं तरी चालतं, एखादी बाग, शाळेचं मैदान, जुनं देऊळ आणि त्याचा पार, स्मशानभूमीतली झाडं, तेही नसेल तर तुमची स्वतःची सोसायटी.

नद्या मात्र अजिबात विसरू नका. दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या चारही नद्या नॅशनल पार्क, आरे आणि तिथल्या तलावांच्या बाजूने निघतात आणि वस्तीतून वाहत खाडीला मिळतात. दहिसर नदी तुळशी तलावाकडून येते, आमच्या भागातून जाते आणि मनोरीच्या खाडीत जाते. म्हणजे जंगल ते खारफुटी ही सलग वाट निसर्गाने आधीच आखून ठेवलेली आहे, आपण तिच्यावर भिंती बांधल्या, तिला नाला म्हणायला लागलो आणि मग २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठी कुठे आहे ते सगळ्या शहराला कळलं. नदीच्या किंवा नाल्याच्या भिंतीलगत दोन-तीन फुटांची मातीची पट्टी जरी शिल्लक असेल तरी तुमची वाट तिथूनच न्या. तुटक झाडांपेक्षा सलग पट्टी केव्हाही चांगली.

सलग पट्टी मिळत नाही तिथे टप्पे. गावाकडे ओढा ओलांडताना आपण दगडावरून दगडावर पाय टाकतो ना, तसे. एका दगडापासून पुढचा दगड पायाच्या टप्प्यात हवा, नाहीतर माणूस अलीकडेच थांबतो.

मग चाला, आणि मोजा

हे काम मला सगळ्यात आवडतं आणि यालाच लोक सगळ्यात कमी वेळ देतात. फार मोठा भाग घेऊ नका, पहिल्या वर्षी एक किलोमीटर पुरे, आम्ही तर आठशे मीटर घेतले होते. गूगल मॅपचा सॅटेलाइट व्ह्यू उघडा, त्या भागाचा स्क्रीनशॉट काढून ए थ्री कागदावर प्रिंट मारा, झेरॉक्सवाल्याकडे होतं. तीन रंगांची स्केचपेन घ्या. हिरव्याने आत्ता असलेलं प्रत्येक मोठं झाड आणि झुडपांचा पट्टा, पिवळ्याने जिथे काही होऊ शकेल अशी जागा, म्हणजे कंपाउंडच्या आतली मातीची पट्टी, शाळेचा कोपरा, पंपहाऊसमागची जागा, गच्ची, आणि लाल रंगाने तुटलेली जागा.

लाल जागा ठरवायची माझी पद्धत साधी आहे, कुठल्या संशोधनातली नाही, चालून चालून बसलेली आहे. एका झाडाखाली उभं राहायचं आणि पुढच्या झाडाकडे चालत पावलं मोजायची. पन्नास पावलांत पुढचं झाड किंवा दाट झुडूप आलं तर ठीक. त्याहून जास्त झालं तर लाल. आणि मधे रुंद रस्ता असेल तर पन्नासपेक्षा कमी असलं तरी लालच, कारण गाड्यांच्या उंचीवरून उडणारी फुलपाखरं तिथेच मरतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांचे शेंडे वर एकमेकांना टेकत असतील तर मात्र तो रस्ता तुटलेला नाही, तो चांगला जोड आहे, त्या झाडांवर खास खूण करा कारण पुढे छाटणीच्या वेळी तीच वाचवायची आहेत.

एकदाच जाऊन चालत नाही. सकाळी साडेसहा-सातला जा, पक्षी तेव्हा बोलतात. दुपारी अकरा-बाराला जा, ऊन तापल्यावर फुलपाखरं बाहेर येतात. रात्री एकदा जा, दिवे कुठे झाडांवर मारलेत आणि वटवाघळं कुठल्या झाडावर येतात ते कळेल. जे दिसेल ते ई-बर्ड (फक्त पक्ष्यांसाठी) किंवा आय-नॅचरलिस्ट या नोंदींच्या ॲपवर टाका, दोन्ही फुकट आहेत, नाव माहीत नसेल तर आय-नॅचरलिस्टवर फोटो टाका, दुसरं कोणीतरी ओळखून देतं. झाडं ओळखता येत नसतील तर गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आमच्याकडे एक आजी आहेत, मूळच्या इथल्याच गावठाणातल्या, त्यांनी आम्हाला नाल्याकाठचं नांद्रुक दाखवलं, आम्ही त्याला इतकी वर्षं वड समजत होतो.

आमचा कागद भरल्यावर जे दिसलं त्याने माझं डोकंच फिरलं. आठशे मीटरमधे लाल जागा फक्त चार होत्या. चारच. आणि आम्ही इतकी वर्षं सगळी रोपं लावत होतो ती सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे आधीच झाडं होती.

परवानगी आणि माणसं

हा भाग कंटाळवाणा आहे पण टाळू नका. सोसायटीच्या आत लावायचं असेल तर कमिटीचा ठराव लेखी घ्या, सेक्रेटरी काका तोंडी हो म्हणाले एवढ्यावर राहू नका, कमिटी बदलते. फुटपाथ, बाग किंवा नाल्याकाठची जागा असेल तर पालिकेच्या वॉर्ड ऑफिसमधल्या उद्यान खात्याकडे अर्ज द्या, सोबत तो रंगवलेला नकाशा जोडा. नकाशा जोडला की समोरच्या माणसाची बोलण्याची पद्धतच बदलते हा माझा अनुभव आहे. अर्जाची पोच घ्या. असलेलं झाड तोडायला किंवा छाटायला, मग ते तुमच्या कंपाउंडमधलं का असेना, १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. नॅशनल पार्कच्या हद्दीत किंवा कांदळवनात स्वतःहून काही लावायला जाऊ नका, कायदा तर आहेच, आणि खारफुटीच्या चिखलात पिंपळ-जांभूळ लावून तिचं नुकसानच होतं. तिचं बघायला वन खात्याचा कांदळवन कक्ष आहे.

माणसं किती लागतात? चार पुरतात. पण त्यातला एक वॉचमन किंवा माळीदादा असलाच पाहिजे. आमची दुसऱ्या वर्षीची अकरा रोपं एका सकाळी गवत कापायला आलेल्या माणसाने मशिनने उडवली, त्याची काहीच चूक नव्हती, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी त्या दिवशी खाली बसून रडले. तेव्हापासून प्रत्येक रोपाशेजारी लाल रिबन बांधलेली काठी असते आणि साफसफाईचं कंत्राट असलेल्या प्रत्येक माणसाशी पावसाळ्याआधी चहा घेऊन बोलणं होतं.

काय लावायचं

सगळ्यात जास्त प्रश्न यावरच येतात. एक यादी देऊन टाका म्हणतात. यादी देते, पण आधी दोन गोष्टी.

पहिली, एकट्या उंच झाडाने वाट होत नाही. झाडाखाली झुडूप, झुडपाखाली गवत-रोपं, कुठेतरी वेल, आणि खाली पडलेला पाला, हे सगळं लागतं. शिंपी पक्षी झुडपात राहतो, तांबट उंच फांदीवर, बेडूक पाल्यात. पाला रोज झाडून पोत्यात भरून कचऱ्यात देणं बंद करा, झाडाच्या बुंध्याभोवतीच पसरून ठेवा, आणि जाळू तर कधीच नका.

दुसरी, फूल आणि फळ वर्षभर मिळायला हवं. बारा चौकोन काढा, बारा महिने लिहा, आणि तुमच्या गल्लीत कुठल्या महिन्यात काय फुलतं-फळतं ते भरा. आमच्याकडे जानेवारी ते मे भरगच्च होतं, पांगारा, काटेसावर, मग बहावा, ताम्हण. पण दिवाळीच्या आसपास सगळं रिकामं. म्हणून आम्ही देवकांचन आणि कोरांटी लावली, दोन्ही त्याच दिवसांत फुलतात. बारा महिने न थांबणारं झाड म्हणजे उंबर. उंबर, पिंपळ, वड, नांद्रुक यांची फळं वेगवेगळ्या वेळी येतात आणि तांबट, कोकीळ, बुलबुल, हळद्या, वटवाघूळ, नशीब असेल तर राखी धनेशसुद्धा त्यांवर येतो. एक उंबर मोठा झाला की आजूबाजूच्या दहा झाडांचं काम करतो असं मला वाटतं. पण इमारतीच्या भिंतीजवळ, टाकीजवळ, ड्रेनेजजवळ यातलं काहीही लावू नका, मुळं भिंत फोडतात आणि मग दहा वर्षांनी तेच झाड तोडायची वेळ येते. मोकळी जागा असेल तरच.

मोठ्या जागेसाठी उंबर, जांभूळ, कदंब, करंज. मध्यम जागा आणि फुटपाथ असेल तर बहावा, ताम्हण (आपलं राज्यफूल), बकुळ, कांचन, सीता अशोक. खाडीच्या बाजूला, जिथे वारा खारट असतो, तिथे उंडी, भेंड आणि करंज चांगले टिकतात. झुडपांत अडुळसा, निर्गुंडी, कुडा, करवंद, कोरांटी, तुती. जास्वंद लावाल तर साधी पाच पाकळ्यांची लावा, भरगच्च डबल फुलात सूर्यपक्ष्याची चोच मधापर्यंत नीट पोचत नाही.

फुलपाखरांचं वेगळं आहे. पूर्ण वाढलेली फुलपाखरं मधावर जगतात पण त्यांच्या अळ्या ठरावीक झाडांचीच पानं खातात, ते झाड नसेल तर फुलपाखरू येतं, मध पितं आणि निघून जातं. कढीपत्ता आणि लिंबावर कॉमन मॉरमॉन. लिंबाच्याच जातीच्या झाडांवर ब्लू मॉरमॉन, आपलं राज्य फुलपाखरू. बहाव्यावर कॉमन एमिग्रंट. रुईवर प्लेन टायगर. कण्हेरीवर कॉमन क्रो. कुंडीतल्या पानफुटीवर रेड पिएरो. ईश्वरीच्या वेलावर क्रिमझन रोझ. आणि जे उंच सरळ झाड प्रत्येक बिल्डिंगच्या गेटवर रांगेने असतं, ज्याला आपण सरसकट अशोक म्हणतो, खरं तर ते आसुपालव, त्यावर टेल्ड जे. या सगळ्यात एक सोय आहे बघा, कढीपत्ता, लिंबू, पानफुटी, जास्वंद कुंडीत होतात. म्हणजे ज्यांच्याकडे फक्त खिडकीची ग्रिल आहे तेही वाटेतला एक दगड होऊ शकतात. आमच्या चारपैकी एका लाल जागेत माती अजिबात नव्हती, दोन्ही बाजूंना दुकानं. तिथल्या वरच्या मजल्यांवरच्या सहा घरांनी कुंड्या ठेवल्या. फक्त अळ्या दिसल्या की ओरडून औषध मारायचं नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. कढीपत्त्याची पानं कुरतडली जाणारच, त्यासाठीच तो लावलाय.

गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, सोनमोहर यांचं काय करायचं असं विचारतात. हे बाहेरून आलेले आहेत, नवीन लावू नका. पण असलेले तोडूही नका, जुन्या पर्जन्यवृक्षावर घारी घरटी करतात आणि त्याची सावली तयार व्हायला चाळीस वर्षं लागलेली असतात. त्याच्या खाली आणि शेजारी देशी झाडं येऊ द्या. सुबाभूळ आणि टणटणी मात्र पसरू देऊ नका.

मियावाकी, म्हणजे छोट्या जागेत दाट रोपं लावून वन करायची पद्धत, तिच्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पालिकेनेही अशी बरीच वनं केली आहेत, काही छान वाढलीत. पण चारही बाजूंनी काँक्रीट असेल तर ते एक हिरवं बेटच राहतं. तुमच्या नकाशातल्या लाल जागेवर ते येत असेल तर जरूर करा. आणि गवताळ मोकळी जागा रिकामी समजून तिथे दाटी करू नका, गवतातही पुष्कळ जीव राहतात.

रोपं नर्सरीतून घेताना तीन-चार फूट उंचीची घ्या. निसर्ग उद्यानाची नर्सरी, सामाजिक वनीकरणाच्या नर्सऱ्या इथे देशी रोपं मिळतात, हायवेच्या कडेच्या नर्सरीत बहुतेक शोभेचीच असतात. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या, शेणखत आणि कुजलेला पाला मिसळा, एक-दोन चांगले पाऊस झाले की लावा. काळी पिशवी पूर्ण काढा. आधाराची काठी सुतळीने सैल बांधा. ट्री गार्ड लावला तर खोड जाड व्हायच्या आत काढायचं लक्षात ठेवा, नाहीतर लोखंड खोडात रुतून झाड मरतं, रस्त्यावर अशी झाडं तुम्ही बघितलीच असतील.

न लावता करायची कामं

खरं सांगू का, आमच्या वाटेत जो फरक पडला त्यातला निम्मा नवीन झाडांमुळे नाही.

झाडांच्या बुंध्याभोवतीचं काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक. पाणी आणि हवा मुळांना मिळत नाही, झाड आतून कमजोर होतं आणि पावसाळ्यात वाऱ्याने पडतं, मग सगळे म्हणतात झाड धोकादायक होतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मधे दिल्लीतल्या झाडांसाठी बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी करायला सांगितलं होतं, तेच माप आपण धरायचं. हे काम हाताने, छिन्नी-हातोडीने करायचं, ब्रेकर मशिन लावलं तर मुळं तुटतात. सोसायटीच्या आत असेल तर कमिटीला सांगून, रस्त्यावर असेल तर वॉर्डात अर्ज देऊन. आम्ही पहिल्या वर्षी सात झाडं मोकळी केली आणि त्याचा खर्च रोपांपेक्षा कमी आला.

मग छाटणी. एप्रिल-मे मधे पावसाळ्यापूर्वीची छाटणी होते आणि नेमकी तेव्हाच घरटी असतात. छाटणीच्या आदल्या दिवशी दुर्बीण किंवा मोबाइलचा झूम घेऊन झाडं बघा, घरटं असलेल्या फांदीला चुन्याची खूण करा, कंत्राटदाराच्या माणसाला दाखवा, आणि तो वर चढेल तेव्हा खाली उभे राहा. नकाशात खूण केलेल्या, एकमेकांना टेकणाऱ्या फांद्या ठेवायला सांगा. सुकलेल्या आणि खरंच धोक्याच्या फांद्या कापायलाच हव्यात, त्यात वाद नको.

दिवे. झाडांवर हिरवे-निळे फोकस मारणं ताबडतोब बंद करा. बाहेरचे दिवे खाली तोंड केलेले, पिवळसर आणि गरजेपुरते. आमच्या मागच्या गेटचे दोन फोकस काढले, तेव्हापासून तिथल्या जांभळावर वटवाघळं येतात.

उंदरांचं औषध. ते खाऊन अर्धमेला झालेला उंदीर गव्हाणी घुबड खातं आणि तेही मरतं. कचरा झाकून ठेवला, ड्रेनेजच्या जाळ्या बसवल्या तर उंदीर कमी होतात. आणि कबुतरांना दाणे टाकणं हा यातला भाग नाही, ज्यांना पक्ष्यांसाठी काही करायचंय त्यांनी फळझाड लावावं.

कंपाउंडच्या भिंतीला जमिनीलगत वीतभर भोकं ठेवली की मुंगूस, बेडूक, सापसुरळी ये-जा करतात. आमच्याकडे दोन सोसायट्यांनी एकमेकांच्या भिंतीत अशी तीन भोकं पाडली.

बिबट्या, साप, डास

मीटिंगमधे हे तीन प्रश्न येणारच आणि विचारणाऱ्याला गप्प करू नका, भीती खरी असते, विशेषतः पार्कला लागून राहणाऱ्यांची. बिबट्या वस्तीत येतो तो बऱ्याचदा भटक्या कुत्र्यांच्या मागे, आणि कुत्री येतात कचऱ्यामागे. म्हणून पार्कच्या जवळच्या गल्ल्यांमधे वाट आखताना पहिलं काम कचऱ्याचं, दुसरं पायवाटेवर पुरेसा उजेड (दिव्यांबद्दल वर म्हटलं ते झाडांबद्दल होतं, माणसांच्या रस्त्यावर अंधार नको), तिसरं म्हणजे मुलांच्या खेळायच्या जागेशेजारी डोक्याएवढी दाट झुडपं लावायची नाहीत, ती लांब. मुंबईकर्स फॉर एसजीएनपी हा वन खात्याने २०११ मधे सुरू केलेला उपक्रम नेमका याच विषयावर होता, लोकांना बिबट्यासोबत राहायचं कसं हे समजावणं.

साप दिसला तर मारायचा नाही, लांबून लक्ष ठेवायचं आणि वन खात्याच्या १९२६ नंबरवर फोन करायचा. पडलेल्या झाडासाठी पालिकेचा १९१६. हे दोन्ही नंबर वॉचमनच्या केबिनमधे मोठ्या अक्षरात लावा.

डासांसाठी एकच नियम, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी दर दोन दिवसांनी ओतून भांडं घासायचं. डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडाभर तरी लागतो, तेवढा वेळ पाणी एका जागी राहिलंच नाही तर प्रश्न येत नाही. कुंड्यांखालच्या ताटल्याही.

पहिले दोन उन्हाळे

पावसाळ्यात सगळीच रोपं छान दिसतात. मरतात ती ऑक्टोबर ते मे. आठवड्यातून दोनदा एक-एक बादली, बुंध्याभोवती पाल्याचा जाड थर, बस. कोण कुठल्या रोपाला पाणी घालणार ते नावानिशी लिहून लिफ्टजवळ लावा. उन्हाळ्यात एसीचं पाणी बादलीत धरा, ते झाडांना चालतं. आमच्या पहिल्या खेपेत लाल जागांवर लावलेल्या चौदापैकी नऊ जगली, मेलेल्या पाचांच्या जागी पुढच्या जूनमधे परत लावली. एवढं धरूनच चाला.

दर तीन महिन्यांनी तोच रस्ता, त्याच वेळी, तसाच चाला आणि वहीत लिहा. फोटो त्याच जागी उभं राहून काढा. आकड्यांत फरक दिसायला दोन-तीन वर्षं लागतात, त्याआधी कमिटीला काही दाखवायचं असेल तर अळ्या दाखवा, त्या सगळ्यात आधी येतात. मुलांना त्या मोजायला द्या, ती मोठ्यांपेक्षा नीट मोजतात.

आमच्या चार लाल जागांपैकी तीन आता जोडल्या गेल्यात. गेल्या सप्टेंबरमधे दुकानांवरच्या त्या कुंड्यांमधल्या कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉनची अंडी सापडली, वाटेवरच्या सगळ्यात अवघड जागेत. तिथल्या काकूंनी रात्री साडेदहाला फोटो पाठवला आणि आम्ही दोघी अर्धा तास फोनवर होतो. चौथी जागा हायवेची आहे. सिंगापूरने २०१३ मधे एका एक्सप्रेसवेवर प्राण्यांसाठी झाडांचा पूल बांधला, तसा इथे व्हावा असं मला मनापासून वाटतं, पण तोपर्यंत नदी हायवेखालून जाते तिथल्या दोन्ही काठांवर काय लावता येईल यासाठी आम्ही वॉर्डात अर्ज दिलाय. पश्चिमेच्या बाजूला, स्टेशनच्या पलीकडे कोणी राहत असाल तर तुमच्या बाजूची पावलं मोजायला सुरुवात करा, ट्रॅकच्या कुठल्या जागी दोन्ही बाजूंची झाडं सगळ्यात जवळ येतात ते आम्हाला पूर्वेकडून नीट दिसत नाही.